पाण्यात तरंगणारा गोल समतुल्यता तत्त्वाची परीक्षा घेऊ शकतो का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : एकाच आकाराचे, पण वेगवेगळ्या पदार्थांचे दोन गोल ग्लिसरीनने भरलेल्या उंच नळीत सोडले आणि त्यांचे अंतिम वेग अचूक मोजले, तर गुरुत्वीय वस्तुमान (ज्यामुळे वस्तूला वजन मिळते) आणि जडत्वीय वस्तुमान (जे वेग बदलण्याला विरोध करते) समान असतात की नाही, म्हणजेच समतुल्यता तत्त्व खरे ठरते की नाही, हे तपासता येईल का? आणि येत नसेल, तर द्रवयांत्रिकीच्या मार्गाने ही परीक्षा कधी कोणी घेतली आहे का? संथ प्रवाहांचे प्रयोग करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा वाटतो. पहिल्या भागाचे उत्तर नकारार्थी आहे, दुसऱ्याचे होकारार्थी आहे, आणि खरी शिकण्याजोगी गोष्ट त्या दुसऱ्या भागात आहे.

आधी नकाराचे कारण पाहू. ग्लिसरीनमधून खाली येणारा गोल अंतिम वेगाला पोहोचला की त्याचे त्वरण शून्य होते. त्या क्षणापासून त्याच्यावर तीनच बले उरतात : खाली ओढणारे वजन, वर ढकलणारे उत्प्लावक बल आणि श्यानतेचा, म्हणजे द्रवाच्या चिकटपणाचा, विरोध. या तिन्हींच्या बेरजेत जडत्वीय वस्तुमान कुठेच येत नाही. जडत्व म्हणजे वेग बदलण्याला होणारा विरोध, आणि इथे वेग बदलतच नाही. गोलाची घनता तुम्ही तराजूवर तोलून काढणार, म्हणजे तीही गुरुत्वीय घनताच. उद्या तांब्याचे जडत्व त्याच्या वजनाच्या मानाने दुप्पट निघाले, तरी तुमच्या नळीतला अंतिम वेग जराही बदलणार नाही. मोजमापाच्या अडचणी याच्या पुढच्या आहेत. ग्लिसरीनची श्यानता तापमान एका अंशाने बदलले की सात-आठ टक्क्यांनी बदलते, हे कोणत्याही श्यानतामापीवर काम करणाऱ्याला ठाऊक असते. पण नियंत्रण कितीही कडक ठेवले तरी मुळातला दोष जात नाही, कारण ज्या दोन राशींची तुलना करायची, त्यांपैकी एक त्या प्रयोगात हजरच नसते.

म्हणून पहिली अट अशी की प्रयोगात कुठेतरी त्वरण असले पाहिजे. सर्वांत साधे उदाहरण म्हणजे बुडाला भोक पाडलेली पाण्याची बाटली. हातात धरली की भोकातून धार लागते, सोडून दिली की पडता पडता धार थांबते. हे शाळेत गंमत म्हणून दाखवतात, पण ती खरोखरच एक परीक्षा आहे : बाटलीचे प्लास्टिक आणि आतले पाणी यांच्या त्वरणांत एक टक्क्याचा फरक असता, तर दोन मीटर पडण्यात पाणी बाटलीच्या तुलनेत दोन सेंटिमीटर सरकले असते. परीक्षा ढोबळ आहे, पण तर्काला धरून आहे.

याहून चांगला पर्याय म्हणजे यू आकाराच्या नळीतला झुलणारा द्रव. नळीच्या एका बाजूला हलकी फुंकर घालून सोडले की द्रवस्तंभ वरखाली झुलू लागतो. त्याला परत आणणारे बल गुरुत्वीय घनतेच्या प्रमाणात असते आणि त्याची जडता जडत्वीय घनतेच्या प्रमाणात. दोन्ही समान असतील, तर घनता समीकरणातून पूर्णपणे उडून जाते आणि एक मीटर लांबीचा स्तंभ, मग तो पाण्याचा असो वा दाट मिठाच्या पाण्याचा, १.४२ सेकंदांत एक झोका पूर्ण करतो. ही न्यूटनच्या लंबकाचीच द्रवातली आवृत्ती आहे. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दोन सारख्या लाकडी पेट्या अकरा फूट लांबीच्या दोऱ्यांना टांगून त्यांत सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू असे नऊ पदार्थ पाळीपाळीने भरल्याची हकिकत आहे. त्यांच्या झोक्यांत हजारात एक भाग एवढाही फरक असता, तर तो दिसला असता, असे त्याने नोंदवले आहे. पाणी त्या यादीत आहे, हे मला नेहमी आवडते.

मात्र यू नळीवर प्रत्यक्ष हात चालवल्याशिवाय तिचा अडसर लक्षात येत नाही. झुलणाऱ्या द्रवाचा नळीच्या भिंतीलगतचा पातळ थर मागे रेंगाळतो. एक मीटरच्या स्तंभासाठी पाण्यात त्या थराची जाडी सुमारे ०.६७ मिलिमीटर येते, आणि नळीची त्रिज्या दहा मिलिमीटर असेल, तर त्या थरामुळे झोक्याचा काळ तीन टक्क्यांहून थोडा अधिक वाढतो. दाट मिठाच्या पाण्याची गतिकीय श्यानता (श्यानता भागिले घनता) पाण्यापेक्षा जास्त असल्याने हा थरही जाड होतो, आणि दोन द्रवांच्या काळांत निव्वळ एवढ्याने अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. विद्यार्थी हा फरक पाहून चक्रावतात. न्यूटनची हजारात एकची मर्यादा गाठायची, तर नळी रुंद घ्यावी लागते आणि श्यानतेची दुरुस्ती गणिताने काढून टाकावी लागते. पारा वापरण्याचा मोह होतो, कारण त्याची घनता मोठी आणि गतिकीय श्यानता अगदी कमी असते, पण उघड्या नळीतल्या पाऱ्याची वाफ विषारी असते, तेव्हा तो मार्ग घरी किंवा शाळेत पत्करू नये.

आता त्या प्रयोगाकडे वळू, ज्यासाठी हे उत्तर लांबले तरी चालेल असे मला वाटते. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे एफ्रायम फिशबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हंगेरीच्या लोरांड एटव्हशच्या गटाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पिळाच्या तराजूवर (बारीक तारेला पडणाऱ्या पिळावरून क्षीण बल मोजणाऱ्या उपकरणावर) घेतलेल्या मोजमापांची नव्याने छाननी केली आणि त्यांत पदार्थाच्या जडणघडणीनुसार बदलणारा एक बारीक कल दिसतो, असा दावा मांडला. गुरुत्वाकर्षणाला जोडून काही शे मीटर अंतरापर्यंतच पोहोचणारे, अणुकेंद्रातील प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या एकूण संख्येवर अवलंबून असलेले, दूर ढकलणारे एक क्षीण बल असावे, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्याला 'पाचवे बल' हे नाव पडले. असे बल खरोखर असते, तर एखाद्या मोठ्या खडकाशेजारी तांबे आणि पाणी यांच्यावर दर किलोमागे वेगवेगळा परिणाम झाला असता, कारण एक किलो तांब्यात एक किलो पाण्यापेक्षा प्रोटॉन-न्यूट्रॉनांची संख्या सुमारे ०.१७ टक्क्याने जास्त असते.

ब्रुकहेव्हन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील पीटर टीबर्गर यांनी यासाठी जी युक्ती केली, ती द्रवयांत्रिकीच्या माणसाला मोहात पाडणारी आहे. त्यांनी तांब्याचा पोकळ गोल घेतला : व्यास सुमारे २१ सेंटिमीटर, वस्तुमान ४.९ किलोग्रॅमच्या आसपास, म्हणजे त्याने बाजूला सारलेल्या पाण्याइतकेच. असा गोल पाण्यात पूर्ण बुडूनही ना तळाला जातो ना वर येतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. शेजारच्या खडकाचे नेहमीचे गुरुत्वाकर्षण तांब्याच्या गोलाला जितके ओढते, तितकेच ते त्या जागी असते त्या पाण्यालाही ओढते, आणि ते ओढणे आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार भोवतालच्या पाण्याच्या दाबाने आपोआप तोलले जाते. टाकी थोडी कलली तरी बिघडत नाही, कारण पाणी आपला पृष्ठभाग स्वतः समतल करून घेते. लंबक आणि पिळाच्या तराजूंना जो कलण्याचा त्रास जन्मभर पुरतो, तो इथे उगवतच नाही. शिल्लक उरते ते फक्त तांबे आणि पाणी यांच्यातला फरक ओळखणारे बल, आणि त्याला आडव्या दिशेने अडवायला श्यानतेशिवाय काहीच नसते. दोरी नाही, तार नाही, टेकू नाही.

ही टाकी त्यांनी न्यू जर्सीतील पॅलिसेड्स या हडसन नदीकाठच्या सुमारे १६० मीटर उंच कड्याच्या माथ्यावर, काठाजवळ ठेवली. गोल सरकला. त्याचा वेग ताशी ४.७ मिलिमीटर होता, आणि दिशा कड्याच्या काठाला जवळपास काटकोनात, खडकापासून दूर. हा निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता संथपणे सरकणाऱ्या गोलाला द्रवाचा किती विरोध होतो हे सांगणारा स्टोक्सचा नियम लावून बघू, कारण हे गणित कागदाच्या एका कोपऱ्यात मावते आणि प्रयोगाचा आवाका डोळ्यांसमोर आणते. ताशी ४.७ मिलिमीटर म्हणजे सेकंदाला १.३ मायक्रोमीटर. ४ अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता ०.००१५७ पास्कल-सेकंद आणि गोलाची त्रिज्या १०.५५ सेंटिमीटर. सहा गुणिले π गुणिले श्यानता गुणिले त्रिज्या गुणिले वेग, असे करत गेलो की विरोधाचे बल येते सुमारे ४.१ नॅनोन्यूटन. म्हणजे पाच किलोच्या गोलावर एका ग्रॅमच्या वजनाच्या चोवीस लाखांश भागाएवढे बल. त्याला वस्तुमानाने भागले की त्वरण सुमारे ८.३ गुणिले १० चा उणे १० वा घात, मीटर प्रति सेकंद वर्ग. रेनॉल्ड्स अंक (प्रवाहातील जडत्वाचा प्रभाव श्यानतेच्या मानाने किती आहे हे सांगणारी संख्या) ०.१८ च्या जवळ येतो, त्यामुळे स्टोक्सच्या नियमाला तीनेक टक्क्यांची दुरुस्ती लागते, आणि ती केली की टीबर्गर यांनी दिलेला ८.५ हा आकडा हाती येतो. इतक्या सुबक रीतीने जुळणारे गणित पाहून कोणाचाही विश्वास बसेल. गोलाला स्थिर वेग गाठायला तास-दोन तास लागतात, कारण त्याच्या हालचालीची खबर भोवतालच्या पाण्यात श्यानतेच्या संथ गतीनेच पसरते. तेव्हा हा प्रयोग धीराचा आहे.

पण त्याच गणितात धोकाही लपलेला आहे. स्टोक्सचा नियम सांगतो की स्थिर पाण्यात अमुक बल असेल, तर गोल अमुक वेगाने सरकेल. पाणी स्वतःच सेकंदाला १.३ मायक्रोमीटर वेगाने वाहत असेल, तरी गोल अगदी तस्साच सरकेल, आणि गोलाकडे पाहून या दोन शक्यतांत काहीच भेद करता येणार नाही. पाण्याचा इतका मंद प्रवाह उत्पन्न व्हायला काय लागते? जवळजवळ काहीच नाही. मी नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना एक छोटी गोष्ट हमखास करायला लावतो : काचेच्या टाकीतले पाणी रात्रभर निवत ठेवायचे आणि सकाळी वरून पोटॅशियम परमँगनेटचा एक बारीक खडा सोडायचा. खडा तळाशी जाताना मागे जांभळी, दोऱ्यासारखी सरळ उभी रेघ सोडतो. मग टाकीच्या एका बाजूला फक्त उभे राहायचे, हात न लावता. काही मिनिटांत ती रेघ पोटातून वाकू लागते, वरचा भाग एका दिशेला आणि खालचा विरुद्ध दिशेला. माणसाच्या अंगाची ऊब काचेतून त्या पाण्यापर्यंत पोहोचलेली असते. ती रेघ ज्याने एकदा पाहिली, तो 'स्थिर पाणी' हा शब्द पुन्हा बेफिकिरीने वापरत नाही.

टीबर्गर यांना हे चांगले माहीत होते. म्हणूनच त्यांनी पाणी ४ अंशांच्या आसपास ठेवले होते, जिथे पाण्याची घनता कमाल असते आणि तापमानातल्या लहान बदलाने ती जवळपास बदलत नाही. त्यांनी कडा नसलेल्या दुसऱ्या जागी प्रयोग करून पाहिला आणि तिथे असे सरकणे दिसले नाही. चुंबकीय परिणामांचीही तपासणी केली. काळजी पुष्कळ घेतली होती, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. तरीही ४ अंश हा रामबाण उपाय नाही. ४ अंशांपासून पाणी ०.२ अंशाने ढळले, तर त्याची घनता सुमारे एक कोटीत तीन भागांनी बदलते. हे ऐकायला नगण्य वाटते, पण त्याला पृथ्वीच्या गुरुत्वाने गुणले की मिळणारे उभ्या दिशेचे त्वरण शोधू पाहत असलेल्या त्वरणाच्या साडेतीन हजार पटींहून जास्त असते. उभ्या दिशेने वर गेलेले पाणी कुठेतरी आडवे वळतेच, कारण टाकीला भिंती असतात. त्या साडेतीन हजारांतला एक भाग जरी आडव्या प्रवाहात उतरला आणि कड्याच्या बाजूच्या वाऱ्याने किंवा उन्हाने त्याला ठरावीक दिशा दिली, तरी पाचव्या बलाचा भास व्हायला तेवढे पुरेसे आहे. पुढे झालेल्या टीकेत याच अभिसरण प्रवाहांवर बोट ठेवले गेले. त्या प्रयोगात नेमकी कोणती चूक होती, हे मात्र कोणी निर्विवादपणे दाखवून दिलेले नाही.

माझ्या मते खरा निकाल इटलीत लागला. फ्लॉरेन्सजवळच्या व्हालोम्ब्रोसा येथे डोंगरउतारावर बिझेती आणि सहकाऱ्यांनी हाच तरंगत्या गोलाचा प्रयोग केला, पण साध्या पाण्याऐवजी त्यांनी खाली दाट आणि वर विरळ होत जाणारे मिठाचे द्रावण वापरले. त्यांना गोलाचे सरकणे दिसले नाही. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निकालाचे मोल मला त्या मिठात दिसते. साध्या पाण्यात जराशी ऊब मिळालेला भाग थेट वरपर्यंत जाऊ शकतो, कारण त्याला अडवणारे काही नसते. स्तरित द्रावणात तसे होत नाही. समजा घनता दर मीटरला दोन टक्क्यांनी बदलते आहे आणि २० अंशांच्या द्रावणाचा एखादा भाग भोवतालपेक्षा एक शतांश अंशाने उबदार झाला. साध्या पाण्याचाच प्रसरणांक धरला, तरी त्याची घनता दहा लाखांत दोन भागांनीच घटते, म्हणून तो मिलिमीटरचा दहावा भाग वर जातो आणि तिथे आपल्यासारख्याच घनतेचा थर भेटल्यामुळे थांबतो. प्रवाहाचा गळाच आवळला जातो. दुसरा फायदा असा की गोलाचे वस्तुमान ग्रॅमच्या अंशापर्यंत जुळवत बसावे लागत नाही, तो आपल्या घनतेचा थर स्वतः शोधून तिथे थांबतो. मिठाचे विसरणही इतके मंद असते की अर्ध्या मीटर उंचीची ही उतरंड आठवडेच्या आठवडे टिकते. अडचणी इथेही असतात. भिंतीकडून उष्णता आली तर मीठ आणि उष्णता यांच्या वेगवेगळ्या विसरणदरांमुळे भिंतीलगत पातळ आडवे थर बनू लागतात, आणि गोलाच्या तिरक्या पृष्ठभागावर निव्वळ मिठाच्या विसरणामुळे अतिमंद प्रवाह सुरू होतो. पण तो गोलाभोवती सगळीकडून सारखा असल्याने त्याला एका बाजूला ढकलत नाही.

त्याच काळात पिळाच्या तराजूंवरही पाचव्या बलाचा शोध सुरू होता. सिअ‍ॅटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाला टेकडीच्या उतारावर काहीही आढळले नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील रमानाथ कौशिक यांच्या गटाने कर्नाटकातील गौरीबिदनूर येथील भूमिगत प्रयोगशाळेत केलेल्या मोजमापांनीही अशा बलाला वाव ठेवला नाही.

तरंगत्या वस्तूंचे आणखी दोन प्रयोग सांगायला हवेत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बोल्डर येथे कायझर आणि फॅलर यांनी पिळाच्या तराजूची तारच काढून टाकली आणि तांबे व टंगस्टनची वस्तुमाने पाण्यावर तरंगत्या आधारावर बसवली. त्यांनी समतुल्यता तत्त्वाला घातलेली मर्यादा शंभर अब्जांत चार भागांपर्यंत पोहोचली. पाण्याच्या मार्गाने मिळालेले हे माझ्या माहितीतले सर्वांत चांगले उत्तर. दुसरा प्रयोग प्रिन्स्टनचे लॉइड क्रॉयझर यांचा, १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यांनी टेफ्लॉनचा नळकांडा ट्रायक्लोरोएथिलीन आणि डायब्रोमोमिथेनच्या मिश्रणात, दोहोंची घनता समान ठेवून, पुढेमागे हलवला आणि शेजारच्या पिळाच्या तराजूवर गुरुत्वाकर्षणात फरक पडतो का, ते पाहिले. टेफ्लॉनच्या वजनात ७६ टक्के फ्लोरिन असते, द्रवात ७४ टक्के ब्रोमिन होते. फरक आढळला नाही, आणि मर्यादा एक लाखात पाच भाग एवढी ठरली. हा प्रयोग जडत्वाविषयी काही सांगत नाही. गुरुत्वाकर्षण निर्माण करणारे वस्तुमान आणि गुरुत्वाकर्षण अनुभवणारे वस्तुमान समान आहेत का, हा त्याचा प्रश्न होता. तुमच्या ग्लिसरीनच्या नळीत जी उणीव होती, ती इथे उणीव ठरत नाही, कारण प्रश्नच वेगळा आहे.

यावरून तुमच्या मनात साहजिकच येईल की आज अशी टाकी उभारली, तर तिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी. कडा किंवा डोंगर नसेल, तर पृथ्वीच्या परिवलनाचा आधार घ्यावा लागतो. ओळंब्याची दिशा पृथ्वीचे आकर्षण आणि परिवलनाचे केंद्रोत्सारी त्वरण या दोहोंनी मिळून ठरते. पहिले गुरुत्वीय आहे आणि दुसरे जडत्वीय, म्हणून तत्त्व मोडत असेल तर तांब्याचा आणि पाण्याचा ओळंबा किंचित वेगळा होईल आणि गोल उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकेल. मुंबईच्या अक्षांशावर या केंद्रोत्सारी त्वरणाचा आडवा घटक ०.०१०४ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. टीबर्गर यांच्या यंत्राएवढी संवेदनशीलता गृहीत धरली, तर एक कोटीत एक भागाच्या आसपासचे उल्लंघन कसेबसे दिसेल. एटव्हशने शंभर वर्षांपूर्वी याहून पुढची मजल मारली होती, आणि २०१६ मध्ये सोडलेल्या 'मायक्रोस्कोप' या फ्रेंच उपग्रहाने टायटॅनियम आणि प्लॅटिनमच्या नळकांड्यांवर १० चा उणे १५ वा घात इतकी बारीक मर्यादा २०२२ मध्ये जाहीर केली. तेव्हा द्रवाच्या टाकीने जागतिक विक्रम मोडण्याचा विचार सोडून द्यावा.

तरीही टाकी उभारायचीच असेल, आणि मला वाटते की जरूर उभारावी, तर क्रम असा ठेवा. आधी मिठाची उतरंड तयार करा : दोन बादल्या, एकीत दाट द्रावण आणि दुसरीत साधे पाणी, एकमेकींना जोडून टाकी तळाकडून हळूहळू भरत जा. टाकी जाड थर्मोकोलमध्ये बंद करा आणि कॅमेऱ्याव्यतिरिक्त कोणालाही जवळ थांबू देऊ नका. गोल आत सोडण्यापूर्वी तीन-चार दिवस परमँगनेटच्या रेघा सोडून त्यांचे छायाचित्रण करा आणि रेघ ताशी किती मिलिमीटर सरकते, ते चारही दिशांनी मोजा. गोल सोडल्यावर टाकी दर दिवशी ९० अंशांनी फिरवत चला. सरकण्याची दिशा टाकीबरोबर फिरली, तर ते टाकीचे काम आहे. ती उत्तर-दक्षिण अशी खोलीला धरून राहिली, तर आधी खिडकी कोणत्या भिंतीला आहे ते पाहा, आणि मग टाकी खिडकी नसलेल्या तळघरात नेऊन तेच सगळे पुन्हा मोजा.